खालचा दात

खोपोलीच्या एका कारखान्यात मी तीसेक वर्षं टूलरूमला फिटर होतो. निवृत्त झाल्यावरही हातातली कानस काही सुटली नाही. कुंभिवलीत आमच्या घराच्या पडवीत एक टेबल आहे, त्यावर काम घट्ट धरायला व्हाइस बसवलाय. आसपासच्या कुणाचं काही अडलं, दाराची कडी बसत नाही, पंपाचा बुश गेला, शिवणयंत्र जाम झालं, की तो माझ्याकडे येतो. मी काम करून देतो आणि वर चार शब्द ऐकवतो. बायकोचं म्हणणं, लोक कामासाठी येतात आणि शब्द सहन करतात. तिचं बरोबर असावं.

हे आधी सांगायचं कारण, पुढे मी जो मूर्खपणा केला तो दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. वाण्याला नसता सुचला, मास्तराला नसता सुचला. तो फिटरलाच सुचू शकतो.

बायकोच्या वरच्या एका दाढेत फार जुनी चांदी भरलेली होती. आमचा मुलगा लहान असताना कधीतरी भरलेली. त्या पावसाळ्यात बांधावरच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आल्या घरी, आणि तिने नेहमीसारखी नांगी दाढेखाली धरून कडकन फोडली. आमच्याकडे चिंबोरी अशीच खातात. बत्ता घेऊन बसणाऱ्याला पाहुणा समजतात. या वेळी नांगीबरोबर दाढही फुटली. चांदी तशीच राहिली आणि तिच्या बाजूची दाताची भिंत निघून हातात आली. बायकोने तो तुकडा धुतला, मला दाखवला आणि उरलेली चिंबोरी दुसऱ्या बाजूने खाल्ली.

खोपोलीच्या बाजारात एक तरुण मुलगी दातांची डॉक्टर आहे. मुलाच्या ओळखीने तिच्याकडे गेलो. मुलगा शेलूला फ्लॅट घेऊन राहतो, त्याला सगळे डॉक्टर माहीत असतात. तिने फोटो काढला, रूट कॅनाल करावं लागेल म्हणाली. तीन-चार खेपा झाल्या. बायको खुर्चीत डोळे मिटून बसायची आणि मी बाजूच्या स्टुलावर. मला तिथे बसायला आवडायला लागलं होतं हे कबूल करतो. तिची ती बारीक यंत्रं, सुईएवढ्या कानशी, त्यांवरचे नंबरांचे रंग. टूलरूमच होती ती, फक्त गार आणि स्वच्छ.

शेवटी कॅप बसवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरने पर्याय सांगितले. नुसत्या धातूची कॅप, ही सगळ्यात साधी, समोरच्या खालच्या दाताला त्रास न देणारी, पण दिसायला धातू. दुसरी, आत धातू आणि वरून दाताच्या रंगाचं सिरॅमिक. ती दिसते छान, पण कधीतरी वरच्या थराचा टवका उडतो. तिसरी झिरकोनियाची, पूर्ण पांढरी आणि सगळ्यात मजबूत.

"मला काय, चावता आलं म्हंजे झालं," बायको म्हणाली.

"कडकपणा कुठलीचा जास्त?" मी विचारलं.

डॉक्टर हसली. "काका, झिरकोनियाचा. चांगली पॉलिश केली की समोरचा दातही फारसा झिजवत नाही."

मग तीच, असं मी ठरवून टाकलं. बायकोचा दात आणि ठरवणारा मी. तेव्हा ते खटकलं नाही.

कॅप बसवली तो शनिवार होता. डॉक्टरने निळ्या कागदाची पट्टी दाढेवर ठेवली, चावा म्हणाली, जिथे डाग पडला तिथे मशीनने किंचित घासलं. असं दोनदा केलं. "आता उंच लागतंय का, काकू?" बायकोला घरी यायची घाई. दोन तास तोंड उघडून बसल्यावर कुणाला नसते? "बरोबर हाय," म्हणाली. डॉक्टरने बजावून सांगितलं, की दोन दिवसांत टोचलं, उंच वाटलं तर या, दोन मिनिटांचं काम असतं.

रात्री जेवतानाच कळलं की उंच आहे. बायको म्हणे, भाकरी चावली की तीच एक दाढ आधी लागते, बाकीचे दात नुसते बघत बसतात. दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. सोमवारी जाऊ, असं ती म्हणाली.

आणि मी म्हणालो, "सोमवारपर्यंत कशाला थांबतेस. हे आपलंच काम आहे."

खरंच ते आपलंच काम होतं. लोखंडाचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसवायचे असले की एकावर पातळ निळा रंग लावायचा, दुसरा त्यावर घासायचा, आणि जिथे रंग उठला तो उंचवटा हळूहळू काढायचा. आयुष्यभर मी हेच केलं. डॉक्टरची निळी पट्टी पाहिल्यापासून माझ्या मनात हेच घोळत होतं, की या पोरीला हे शिकायला पाच वर्षं लागली आणि मला ते आधीच येतं. गर्व म्हणा. मी गर्वच म्हणतो.

रविवारी सकाळी पडवीत खुर्ची टाकली, उजेड तोंडावर येईल अशी. जुन्या पावती पुस्तकातला कार्बन पेपर कापून पट्टी केली. कारखान्यातून बाहेर पडताना सहकाऱ्यांनी मला हिऱ्याची पूड चढवलेल्या बारीक कानशींचा एक संच दिला होता. त्यातली एक उकळत्या पाण्यात घातली, मिठाच्या पाण्याने धुतली. बायको न कुरकुरता येऊन बसली. तिला डॉक्टरची भीती वाटते, माझी नाही. माझ्या हाताखाली बसताना तिने डोळेही मिटले नाहीत.

पट्टी ठेवली, चावायला लावलं. कॅपवर स्वच्छ काळा ठिपका उमटला. बघून आनंद झाला मला. पण कानस चालवली तर कॅपला काही होईना. नुसती वरून घसरत होती, जेमतेम चमक गेली. सगळ्यात कडक माल मीच निवडलेला.

आता इथे फिटरचं डोकं चाललं. दोन भाग एकमेकांवर बसत नसतील आणि त्यातला एक कडक केलेला असेल, तर कडक भागाशी झटत बसायचं नसतं. समोरच्या मऊ भागातून घ्यायचं. टूलरूममध्ये पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे सांगतात. मी तिच्या खालच्या दाढेकडे वळलो. तिच्यावरही नेमका तसाच ठिपका होता. दहा-बारा हात मारले. बायकोने माझं मनगट धरलं.

"काय झालं?"

"काय नाय. झिणझिण्या आल्या."

पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपका, आणखी दहा-बारा हात. मग ठिपका फिकट झाला आणि बाजूच्या दातांवरही खुणा उठायला लागल्या. म्हणजे सगळे दात एकसाथ बसले. काम फत्ते. दुपारी तिने वाल-भात नीट चावून खाल्ला आणि मी तिच्याकडे बघत बसलो. इतका खूश मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हतो.

संध्याकाळी तिने माठातलं पाणी प्यायलं आणि तांब्या खाली ठेवून गालाला हात लावला.

वरची दाढ मेलेली, तिची नस आधीच काढलेली. दुखत होती ती खालची. मी कानस चालवलेली. चांगली, न किडलेली, लग्नाच्या आधीपासून तिच्या तोंडात असलेली. मला ते त्याच क्षणी कळलं.

पुढचे दोन-तीन आठवडे कसे गेले ते सांगायला नको वाटतं. मी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणली, लवंगेचं तेल आणलं. ती दोन्ही लावायची. गार पाणी बंद झालं, मग गरमही. आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. वाचन संपल्यावर सगळ्यांना चहा मिळतो. बायको पहिल्यापासून उकळता चहा पिणारी. आता कप हातात धरून तो कोमट व्हायची वाट बघत बसायची, आणि बाजूच्या बाईने विचारलं की म्हणायची, "आज जरा नकोसाच वाटतोय." मी पुरुषांच्या बाजूला बसून हे ऐकायचो. टेबलावरचा तो कानशींचा संच मी उचलून कपाटात टाकला. त्या दिवसांत कुणी काही दुरुस्तीला आणलं तर हात दुखतोय म्हणून परत पाठवलं.

मी दोनदा म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणायची, पेस्टने उतरतंय. मग एका सकाळी चूळ भरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बराच वेळ थांबेना. तेव्हा ती स्वतःच साडी बदलून आली आणि म्हणाली, "चला."

रिक्षात मी काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. पण खुर्चीत बसल्याबरोबर डॉक्टरने विचारलं आणि बायकोने उत्तर देऊन टाकलं. "तांदळात खडा होता. कचकन चावला गेला. तवापासून दुखतंय." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. इतक्या वर्षांत तिला खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं, आणि हे तर किती सफाईने.

डॉक्टरने आरशाने पाहिलं, फोटो काढला, गार कापूस लावून पाहिला. दाढेवर सपाट झिजलेला भाग आहे म्हणाली, पण ते झोपेत दात खाण्याच्या सवयीने असेल. खरी काळजी तिला वेगळीच होती. खडा चावून दाताला फोटोत न दिसणारी बारीक चीर गेली असेल, आणि दुखणं इतका वेळ राहतंय, म्हणजे आतली नस बहुतेक गेलीय. "काकू, वाट बघत बसलो तर दात उभा चिरत जाईल, मग काढावाच लागेल. त्यापेक्षा याचंही रूट कॅनाल करून कॅप बसवू. आजच सुरू करते."

बायको म्हणाली, "करा."

डॉक्टर इंजेक्शन भरायला वळली. मी स्टुलावर बसलो होतो. चीर नाही हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक जण तोंड उघडून बसला होता आणि दुसऱ्याचं तोंड उघडत नव्हतं. मला माझी लाज वाटत होती हे खरं, पण त्याहून मोठी भीती अशी, की आता गप्प बसलो तर माझ्यासमोर एक जिवंत दात मारला जाईल आणि पुढे आयुष्यभर तो रोज माझ्यासमोर जेवायला बसेल.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणालो. "खडा नव्हता. मी घासलाय तो दात."

सुई हातात तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. बायकोने डोळे मिटून घेतले.

मी सगळं सांगितलं. कार्बन पेपर, ठिपका, कडक भाग, मऊ भाग. सांगताना मलाच माझं ऐकवेना. डॉक्टर हसेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. तिने दोन्ही केलं नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि एकेक विचारत गेली. कसली कानस, किती हात मारले, कुठल्या दिशेने, मध्ये पाणी लावलं होतं का, दुखणं कधीपासून. साहेबाला बिघडलेल्या मालाबद्दल जबाब देतात तसा मी मान खाली घालून देत होतो.

सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, तुमच्या कामात दोन्ही भाग मेलेले असतात. इथे एक जिवंत होता."

मग तिने बायकोचा खांदा हळूच दाबला. चीर नसेल तर आतल्या नसेला एक संधी देऊ, म्हणाली. दातावरचं कडक कवच माझ्या कानशीने गेलंय, वयामुळे ते आधीच पातळ झालं होतं. आतला मऊ भाग उघडा पडलाय, म्हणून गार-गरम थेट आत पोचतंय. त्यावर आधी एक औषधी थर द्यायचा, वर दाताच्या रंगाचं काँपोझिट लावून निळ्या लाइटने कडक करायचं, म्हणजे गेलेलं कवच बाहेरून परत दिल्यासारखं. आणि जागा करायला काय कमी करायचं ते वरच्या कॅपमधून करायचं, तिच्याकडच्या मशीनने, आणि पुन्हा पॉलिश. महिनाभर बघायचं. आपोआप ठणका लागला, झोपेतून उठवलं, तर नस गेली समजायचं आणि मग रूट कॅनालला पर्याय नाही.

"वाचेल का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. वाचावी असं वाटतंय."

अर्ध्या तासात तिने तो दात उभा केला. थर लावताना तो भाग कोरडा ठेवायला ती जी धडपड करत होती ती मी बघितली. एक थेंब थुंकी लागली तर माल धरत नाही, म्हणाली. मला माझं मिठाचं पाणी आठवलं.

त्या दिवशी घरी येताना बायको एक शब्द बोलली नाही. पुढेही आठ-दहा दिवस कामापुरतंच. जेवण वाढायची, कपडे काढून ठेवायची, सगळं वेळेवर. मी समजलो, रागावलीय, आणि रागवायला कारण आहेच. मी तिच्या मागे मागे असायचो. पाणी कोमट करून द्यायचो, भाकरी दुधात कुस्करायला लागलो तर तिने ताटली ओढून घेतली. रोज सकाळी विचारायचो, "काल ठणकला का गं?" ती मानेने नाही म्हणायची. एकदा परसात उभी राहून तिने पेरूला चावा घेतला. मी खिडकीतून बघत होतो. नेमका त्या बाजूने घेतला. चावला, गिळला, पुन्हा चावला. मी श्वास सोडला आणि तिला ते कळू दिलं नाही.

महिना झाल्यावर गेलो. डॉक्टरने समजावून सांगितलं, की ती आता कापसावर गार फवारा मारून दाताला लावणार. नस मेलेली असेल तर काहीच लागणार नाही. खराब होत चाललेली असेल तर लागेल आणि कळ बराच वेळ राहील. चांगली असेल तर लागेल आणि लगेच जाईल. लागलं की बोट वर करायचं, गेलं की खाली. आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावून दाखवलं. बायकोचं बोट वर गेलं, खाली आलं.

मग आमच्या दाताला लावलं.

बोट जागचं हललं नाही. मी एक मोजलं, दोन मोजलं. काँपोझिटमुळे जरा उशिरा पोचतं, असं डॉक्टर नंतर म्हणाली, पण ते तेव्हा मला कुठे माहीत? तीन म्हणायच्या आत बोट वर गेलं, बायकोचे खांदे आखडले. मी तिच्या बोटाकडे बघत राहिलो. आणि ते खाली आलं, पहिल्यासारखंच, शेजारच्या दाताला आलं होतं तितक्याच वेळात.

"जिवंत आहे, काकू. छान आहे," डॉक्टर म्हणाली.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी चष्मा पुसायच्या निमित्ताने बाहेर आलो.

बाजाराच्या टोकाला आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. इतके दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं. "चूक माझी होती. रागावलीस ते बरोबरच आहे."

"मी दातासाठी नाय रागावले," ती म्हणाली. "तुमी त्या दिवशी बोलायला नको होतं."

"अगं, दात मेला असता तुझा."

"मेला असता तर मेला असता. तोंडात अजून लय हायेत." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "लग्न होऊन आले तवापासून तुमच्या हाताला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाय. त्या लेकीच्या वयाच्या पोरीपुढं तुमी मान खाली घालून जबाब देत होता, ते मला बघवलं नाय. तसं होऊ नये म्हणूनच मी आधी खडा म्हणाले हुते."

रिक्षा आली. ती आत बसली आणि सरकून मला जागा केली. हायवे लागेपर्यंत मी तिच्याकडे बघू शकलो नाही.